कर्ण्याकडून कानाकडे

हिंगोलीच्या बाजारपेठेंत आज मोबाईलच्या कोणत्याही दुकानांत शिरलें, तर मागच्या भिंतीवर लहानमोठे इयरफोन ओळीनें टांगलेले दिसतात. कांहींना तार असते, कांहींना नसते. कांहीं कानाच्या पाळीच्या आंतल्या खळग्यांत नुसते टेकतात, तर कांहीं कानाच्या नळींत बुचासारखे घट्ट बसतात. किंमत शंभर-दोनशें रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत. घेणाऱ्याचे प्रश्न मात्र बहुधा दोनच असतात. गाणें कसें ऐकूं येतें? आणि कान दुखतो का?

हे दोन प्रश्न आजच्या पिढीनें प्रथम विचारले असें नाहीं. दूरचें संगीत यंत्राच्या साहाय्यानें कानाशीं आणण्याची खटपट सुरू झाली, तेव्हांपासून ते विचारले जात आहेत. त्या खटपटीचा इतिहास पाहिला, म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते, ती ही कीं, हे दोन प्रश्न मुळांत एकच आहेत. जें यंत्र कानांत नीट बसतें, तेंच नीट वाजतें. आणि जें नीट वाजतें, तें मोठ्यानें वाजवावें लागत नाहीं. मंद आवाजांत पुरें संगीत जें ऐकवील, तें यंत्र चांगलें, अशी कसोटी या इतिहासांतून हातीं येते. ती कसोटी कशी सिद्ध झाली, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

आपला हा मुलूख जुन्या काळापासून ऐकणाऱ्यांचा आहे. हिंगोलीजवळची नरसी ही संत नामदेवांची जन्मभूमि म्हणून मानली जाते. औंढा नागनाथाचें देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठीं आपलें तोंड फिरवून बसलें, ही आख्यायिका तर येथील लहान मुलांनाही ठाऊक आहे. ती कथा श्रद्धेनें ऐकावी किंवा रूपक म्हणून ऐकावी. तिच्यांत ऐकण्याची जुनी रीत मात्र स्वच्छ दिसते. गाणारा आपल्या जागीं असतो आणि ऐकणाऱ्यानें त्याच्याकडे वळावयाचें असतें. ज्याला कमी ऐकूं येतें, तो पुढें सरकून बसतो. ज्याच्या कानाला टाळांचा खणखणाट सोसत नाहीं, तो मागच्या खांबाला टेकतो. आवाज किती असावा, हें गाणारा ठरवितो. तो आपल्यापर्यंत किती यावा, हें आपल्या बसण्याच्या जागेवरून ऐकणारा ठरवितो. यंत्रानें ही रीत उलटी केली. ऐकणारा जागीं राहिला आणि गाणारा त्याच्या कानाशीं आला.

हा बदल टेलिफोननें घडविला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनचें पेटंट १८७६ सालीं मिळालें. पांचच वर्षांनीं, १८८१ सालीं, पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनांत क्लेमां अदेर या फ्रेंच यंत्रज्ञानें एक नवल मांडलें. पॅरिसच्या ऑपेरागृहांत रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचीं बोलण्याचीं यंत्रें बसवून त्यांच्या तारा त्यानें प्रदर्शनाच्या दालनांत नेल्या. तेथें श्रोत्यानें दोन हातांनीं दोन ऐकण्याचीं यंत्रें दोन कानांशीं धरावयाचीं. एका कानाला रंगमंचाच्या एका बाजूचा आवाज मिळे, दुसऱ्याला दुसऱ्या बाजूचा. त्यामुळें गाणारा इकडून तिकडे चालत गेला, कीं तो चालल्याचें कानांनाही कळे. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतों, त्याचा हा पहिला अनुभव होय. लोक थक्क झाले; पण हात वर धरून किती वेळ ऐकणार? संगीत संपण्यापूर्वीं दंड भरून येत.

पुढें १८८९ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरांतल्या एका मद्यगृहांत लुई ग्लास या गृहस्थानें नाणें टाकून चालणारा फोनोग्राफ ठेवला. त्याला कर्णा नव्हता. डॉक्टरांच्या स्टेथॉस्कोपला असतात तशा रबरी नळ्या त्याला जोडल्या होत्या व त्या कानांत घालून ऐकावें लागे. त्यावेळच्या फोनोग्राफचा आवाज इतका क्षीण असे कीं, तो मोकळ्या हवेंत सोडला तर विरून जाई. नळींतून थेट कानांत सोडला, तर मात्र तोच पुरेसा होई. मंद आवाज आणि बंद वाट यांचें नातें येथें प्रथम सर्वांच्या अनुभवाला आलें.

या नात्याचा नीट विचार करून यंत्र बांधण्याचें श्रेय एर्नेस्ट मर्कादिये या फ्रेंच गृहस्थाला द्यावें लागतें. कानांत घालावयाच्या जोडटेलिफोनचें अमेरिकन पेटंट त्याला १८९१ सालीं मिळालें. त्याचें यंत्र ५० ग्रॅमांहून कमी वजनाचें होतें. जुन्या मापानें सांगावयाचें, तर सव्वाचार तोळ्यांच्या आंत. कानांत जाणाऱ्या टोंकांना त्यानें रबराच्या टोप्या घातल्या होत्या, आणि त्यांचीं कारणें दोन होतीं. एक, कानाच्या तोंडाशीं घर्षण होऊन इजा होऊं नये. दुसरें, बाहेरचा गलबला आंत येऊं नये. आजच्या इयरफोनच्या डबींत लहान, मध्यम व मोठ्या अशा रबरी टोप्यांच्या तीन जोड्या मिळतात. त्या पाहतांना आपण १८९१ सालचीच कल्पना हातांत घेतलेली असते. सुख आणि स्वर यांची गांठ तेव्हांच बांधली गेली होती.

यानंतरचें मोठें पाऊल अमेरिकेंतल्या यूटा प्रांतांत पडलें. नॅथॅनिएल बाल्डविन या कारागिरानें १९१० सालीं आपल्या घरच्या स्वयंपाकघरांत बसून हेडफोन तयार केले व ते अमेरिकन नौदलाकडे पाठविले. दोन चुंबकांच्या मध्यें तोलून धरलेली लोखंडाची एक बारीक जीभ आणि तिला जोडलेला अभ्रकाचा पडदा, अशी त्यांची रचना होती. जीभ मध्यभागीं तोललेली असल्यामुळें अतिशय क्षीण विजेनेंही ती हलूं लागे. जहाजावरच्या बिनतारी संदेशाला असेंच नाजूक यंत्र हवें होतें. या तोललेल्या जिभेची आठवण ठेवावी, कारण पुढें ऐंशी वर्षांनीं ती पुन्हां भेटणार आहे.

आपल्याकडे हेडफोन आला तो रेडिओचें बोट धरून. मुंबईच्या रेडिओ क्लबनें १९२३ च्या जूनमध्यें कार्यक्रम प्रक्षेपित केले आणि २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्तें झालें. त्या केंद्राची शक्ति दीड किलोवॅट होती. ज्यांना दिव्यांचा महागडा संच परवडत नसे, ते क्रिस्टल संचावर ऐकत. गॅलेना नांवाच्या खनिजाचा खडा, त्याला टेकलेली बारीक तार, गच्चीवर बांधलेली लांब तार आणि डोक्याला हेडफोन, एवढाच तो संसार. त्याला बॅटरी लागत नसे. आकाशांतून आलेल्या लहरीची जी इवलीशी शक्ति, तिच्यावरच हेडफोन वाजे. म्हणून हेडफोनच्या आंत केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असत व त्याचा विद्युत्-रोध दोन हजार ओहमपर्यंत किंवा त्याहूनही अधिक असे. आजच्या मोबाईलच्या इयरफोनचा रोध बहुधा १६ ते ३२ ओहम असतो. दोहोंचें काम एकच, पण एकाला उपाशीपोटीं राबावें लागे आणि दुसऱ्याला भरपेट मिळतें.

ते हेडफोन कसे वाजत? श्रोतेहो, आपल्या संगीताचें माप लावून पाहूं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला, तर त्याचीं कंपनें सेकंदाला सुमारे १३८ होतात आणि तंबोऱ्याच्या खर्जाचीं त्याच्या निम्मीं, म्हणजे सुमारे ६९. त्या काळच्या लोखंडी पडद्याला तीनशेंच्या खालचीं कंपनें धड पेलत नसत आणि तीन-चार हजारांच्या वर तो थकत असे. म्हणजे खर्ज नाहीं, डग्ग्याचा घुमारा नाहीं आणि टाळांची झळाळीही नाहीं. मग गाणें ओळखूं तरी कसें येई? त्याचें कारण आपल्या कानाच्या घडणींत आहे. मूळ स्वर गळाला, तरी त्याच्या पटींतले वरचे स्वर मिळाले, कीं मेंदू मूळ स्वर आपल्या पदरचा घालून घेतो. म्हणून त्या काळच्या श्रोत्याला षड्ज ऐकल्याचें समाधान मिळे. पण तें समाधान अर्धें यंत्राचें आणि अर्धें त्याच्या स्वतःच्या कानाचें असे. सुखाच्या बाबतींत तर बोलूंच नये. पोलादी पट्टी डोक्याला आवळी, एबोनाइटच्या कठीण वाट्या पाळ्यांवर दाब देत आणि तासाभरांत कान लाल होत.

हिंगोलीच्या वाट्याला तें क्रिस्टलचें युग आलें नाहीं. दीड किलोवॅटच्या मुंबई केंद्रावर क्रिस्टल संच पन्नासएक किलोमीटरांच्या आंतच चाले आणि आपण मुंबईपासून सरळ रेषेनेंही चारशें किलोमीटरांहून अधिक दूर. हिंगोली त्यावेळीं निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होती. हैदराबादेस डेक्कन रेडिओ ३ फेब्रुवारी १९३५ रोजीं सुरू झाला; पण त्याची शक्ति अवघी दोनशें वॅट आणि अंतर तीनशें किलोमीटरांच्या घरांत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हें राज्य भारतांत विलीन झालें आणि १ एप्रिल १९५० रोजीं तेथील रेडिओ भारत सरकारकडे आला. पुढें १९६८ सालीं परभणीस आकाशवाणीचें केंद्र झालें, तेव्हां आपल्या बोलीची हांक आपल्याला घरबसल्या ऐकूं येऊं लागली. एवंच, या भागांत यंत्राचें संगीत आलें तें एकट्याच्या कानांत आलें नाहीं, चौकांत आलें. आधीं ग्रामोफोनचा कर्णा, मग रेडिओचा भोंगा, मग लग्नाच्या मांडवांतला लाउडस्पीकर. एक वाजवी आणि गल्ली ऐके.

एकट्यानें ऐकण्याची संवय आपल्याला लावली ती ट्रान्झिस्टरनें. १९५४ सालीं अमेरिकेंत खिशांत मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारांत आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तसले संच आपल्याकडच्या शेतांच्या बांधांवर दिसूं लागले. पुष्कळ संचांबरोबर एका कानांत घालण्याची एक लहानशी गुंडी मिळे. ती जोडली, कीं भोंगा मुका होई. रात्रीं निजलेल्या माणसांची झोंप न मोडतां गाणें ऐकतां येऊं लागलें, ही मोठीच सोय होती. परंतु ती गुंडी कठीण, आवाज पत्र्याचा आणि दुसरा कान रिकामा. सुख आणि स्वर दोन्ही अर्धेच.

दरम्यान पश्चिमेकडे हेडफोन बराच सुधारला होता. १९३७ सालीं जर्मनींत ऑयगेन बायर यांच्या कारखान्यानें चुंबकाच्या फटींत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा हेडफोन काढला. लाउडस्पीकरचें तत्त्व त्यानें कानाच्या मापाला उतरविलें. त्यामुळें खालचे आणि वरचे स्वर पडद्याला पेलूं लागले. १९५८ सालीं अमेरिकेंत जॉन कॉस यांनीं केवळ संगीत ऐकण्यासाठीं स्टिरिओ हेडफोन विकावयास आणले. त्यांच्या वाट्या कानाभोंवतीं बंद बसत. खर्ज भरपूर मिळे, पण वजन जाणवे आणि कान घामेजत. १९६८ सालीं जर्मनींतल्याच झेनहायझर या कारखान्यानें याच्या उलट वाट धरली. त्यांच्या हेडफोनची पाठ उघडी होती आणि कानाला नुसता सच्छिद्र फोम टेकत असे. तो हलका आणि हवेशीर, त्याचा स्वरही मोकळा. पण बाहेरचा आवाज आंत येई आणि आंतला बाहेर जाई. तेव्हांपासून बंद कान कीं उघडा कान, असे दोन पंथ पडले ते आजतागायत आहेत.

१ जुलै १९७९ रोजीं जपानच्या सोनी कंपनीनें वॉकमन बाजारांत आणला, तेव्हां उघड्या पंथाची सरशी झाली. कॅसेट कमरेला आणि फोमचा हलका हेडफोन डोक्याला. १९८२ सालीं सोनीनेंच पट्टी काढून टाकून कानाच्या खळग्यांत नुसती टेकणारी बोंडी बाजारांत आणली. २००१ सालीं ॲपल कंपनीच्या आयपॉडबरोबर आलेली पांढरी बोंडी याच घराण्यांतली. त्यानंतर मोबाईलच्या खोक्यांतून तसलींच बोंडीं गांवोगांव पोहोंचलीं.

या बोंड्याचा गुण असा कीं, तें कानांत आहे हें माणूस विसरून जातो. दोष असा कीं, तें कान बंद करीत नाहीं. त्याचा परिणाम काय होतो, हें लोहाराच्या भात्यावरून समजेल. भात्याला भोंक पडलें, तर वारा बाजूनें निघून जातो आणि विस्तव फुलत नाहीं. खर्जाचा स्वर म्हणजे हवेचा सावकाश दाब. फट राहिली, कीं तो दाब फटींतून निसटतो; वरचे तीव्र स्वर मात्र कानांत पोहोंचतात. म्हणून बोंड्यांत डग्गा टणटणीत वाजतो आणि तंबोरा दूर गेल्यासारखा वाटतो. त्यांतच एस.टी.चें इंजिन किंवा पूर्णा-अकोला गाडीचा खडखडाट त्याच फटींतून आंत शिरतो आणि उरलासुरला खर्ज झांकून टाकतो. मग ऐकणारा काय करतो? आवाज वाढवितो. खर्ज हवा म्हणून वाढवितो, आणि त्याबरोबर तीव्र स्वरही कानावर दुप्पट जोरानें आदळतात. धोका शिरतो तो या ठिकाणीं.

याला उतारा सांपडला तो संगीताच्या दुकानांत नव्हे, बहिरेपणावर काम करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेंत. मीड किलियन हे अमेरिकन संशोधक श्रवणयंत्रांच्या विद्येंतले. १९८३ सालीं त्यांनीं एटिमोटिक रिसर्च ही संस्था स्थापिली. श्रवणशक्ति तपासण्यासाठीं कानाच्या नळींत मऊ बुचासारखें बसणारें यंत्र त्यांनीं त्याच दशकांत केलें आणि १९९१ सालीं त्याच वाटेनें पुढें जाऊन खास संगीतासाठीं इयरफोन काढला. त्याच्या पोटांत काय होतें? चुंबकांच्या मध्यें तोलून धरलेली लोखंडाची जीभ. बाल्डविनच्या स्वयंपाकघरांतली ती जीभ मधल्या काळांत श्रवणयंत्रांत आश्रय घेऊन राहिली होती. ती आतां तांदुळाच्या दाण्याहून थोडी मोठी एवढ्या रूपांत संगीताकडे परत आली. १९९५ सालीं जेरी हार्वी या ध्वनिज्ञानें रंगमंचावर गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांसाठीं त्यांच्या कानाच्या ठशावरून इयरफोन बनविण्यास आरंभ केला. वाद्यांच्या कल्लोळांत स्वतःचा सूर ऐकूं यावा, पण त्यासाठीं लाउडस्पीकर कानठळ्या बसवीपर्यंत वाढवावा लागूं नये, हा त्यांतला हेतु.

किलियन यांच्या कामांतला एक बारकावा सांगण्याजोगा आहे. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते व तिचें आंतलें टोंक पडद्यानें बंद असतें. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली, तर बाटली जसा आपला एक स्वर काढते, तसा या नळीलाही आपला एक स्वर असतो. सेकंदाला तीन हजारांच्या आसपास कंपनें असलेला आवाज ती आपण होऊन वाढविते. आयुष्यभर आपण सर्व आवाज या वाढीसकट ऐकत आलेलों असतों. नळीच्या तोंडाला बूच बसलें, कीं ही वाढ नाहींशी होते आणि गाणें मळकट वाटूं लागतें. म्हणून कानांत बसणाऱ्या चांगल्या यंत्राला तेवढी वाढ स्वतः पुरवावी लागते. ती कमी पडली तर शब्द पुसट होतात. जास्त झाली तर स, श आणि टाळ कानाला बोंचतात. दोन इयरफोनांच्या स्वरांत जो भेद जाणवतो, त्याचें मोठें कारण या एका जागीं असतें.

बंद पंथालाही किंमत द्यावी लागते. कानांत बोट घालून गुणगुणून पाहावें. आपलाच आवाज डोक्यांत घुमतो. बूच बसलेला इयरफोन घालून चाललें, तर पावलें ढोलासारखीं वाजतात आणि कांहीं खाल्लें तर दातांचा आवाज गाण्याच्या वर येतो. तार कपड्याला घासली, तरी तें घर्षण ऐकूं येतें. टोपी मोठी असली तर नळी दुखते, लहान असली तर फट राहते. फोमची टोपी बोटांनीं चेपून घातली, कीं आंत फुगून उत्तम बसते, पण ती लवकर मळते आणि बदलावी लागते. उकाड्यांत घाम येतो, कानाला खाज सुटते. पूर्ण सुख असें कोठेंच नाहीं. कोणतें असुख पत्करावयाचें, एवढेंच ठरवावयाचें असतें.

या तडजोडींत एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानें तिसरी वाट काढली. अमर बोस यांचे वडील बंगालचे. ते स्वतः अमेरिकेंत जन्मले व तेथेंच प्राध्यापक झाले. १९७८ सालीं युरोपांतून परततांना विमानाच्या घरघरीपुढें हेडफोनचें संगीत ऐकूं येईना, तेव्हां प्रवासांतच त्यांनीं गणित मांडलें. बाहेरचा आवाज बारीक मायक्रोफोननें टिपावा, त्याच्या बरोबर उलट लहर तयार करावी आणि ती कानांत सोडावी, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात. १९८९ सालीं वैमानिकांसाठीं असा हेडफोन बाजारांत आला. पुढें ही युक्ति बोटाच्या पेराएवढ्या यंत्रांत मावूं लागली. २०१६ सालीं ॲपलनें बिनतारी इयरबड आणले, २०१९ सालीं त्यांत ही गलबला मारण्याची सोय घातली, आणि आतां ती कमी किंमतींतही मिळते. इंजिनासारखा संथ, एकसुरी आवाज ती चांगला मारते; माणसांचें बोलणें आणि अचानक वाजणारा भोंगा मात्र तितका मारत नाहीं. एकेका इयरबडचें वजन चार-पांच ग्रॅम. मर्कादियेच्या सव्वाचार तोळ्यांचा दहावा हिस्सा! पण रोज वीज भरावी लागते, आणि आंतली बॅटरी थकली, कीं धडधाकट यंत्रही बहुधा टाकून द्यावें लागतें. क्रिस्टल संचाचा हेडफोन बॅटरीवांचून वाजे, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

आतां निवड कशी करावी? परदेशी परीक्षक आपापलें संगीत लावून परीक्षा करतात. आपण आपलें लावावें. प्रथम टोपी बदलून बदलून कानांत नीट बसेल ती निवडावी. बसलें कीं नाहीं हें ओळखण्याची खूण अशी कीं, बाहेरचें बोलणें एकदम दूर गेल्यासारखें वाटतें. मग आवाज मुद्दाम कमी ठेवून चांगल्या ध्वनिमुद्रणांतला ख्याल लावावा. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या घोडीवरचा तो रुंजी घालणारा गुंजारव, मंद आवाजांतही सलग ऐकूं आला पाहिजे. डग्ग्याचा घुमारा गोल यावा, पण गवयाच्या स्वरावर चढूं नये. मग भजन लावावें. टाळ चमकावा, टोंचूं नये. टाळांच्या गजरांतही अभंगाचा शब्द स्वच्छ कळावा. शेवटीं अर्धा तास तसेंच बसावें. पहिल्या पांच मिनिटांत कोणतेंही यंत्र सुखाचें वाटतें. कान खरी साक्ष देतो ती अर्ध्या तासानंतर. आणि आवाज वाढविण्याकडे बोट आपोआप जाऊं लागलें, तर तें यंत्र कितीही नामांकित असो, तें आपल्या कानाचें नव्हे.

ही कसोटी केवळ रसिकतेची असती, तर या भाषणांत मीं इतका वेळ घेतला नसता. प्रश्न कानाच्या आयुष्याचा आहे. आपल्या प्रत्येक आंतरकर्णांत सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच. एकदां मेल्या, कीं त्या माणसाच्या कानांत पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्या माणसांसाठीं घातलेली मर्यादा अशी आहे कीं, ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. लहान मुलांसाठीं ती मर्यादा ७५ डेसिबलची. आवाज तीन डेसिबलांनीं वाढला, कीं त्याची ऊर्जा दुप्पट होते आणि मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. जगांतले शंभर कोटींहून अधिक तरुण आपल्या ऐकण्याच्या संवयींनीं श्रवणशक्ति गमावण्याच्या धोक्यांत आहेत, असें याच संघटनेचें अनुमान आहे. तिच्या उपदेशांत आवाज यंत्राच्या कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आंत ठेवा, हें वचन आहे. आणि कानांत नीट बसणारें, बाहेरचा गलबला अडविणारें यंत्र वापरा, हेंही आहे. म्हणजे १८९१ सालची रबरी टोपी आज आरोग्याच्या उपदेशांत येऊन बसली आहे.

बहिरेपण डोळ्यांच्या आजारासारखें दिसत नाहीं. मुलगा वर्गांत मागच्या बांकावर बसतो, प्रश्न दोनदां विचारावा लागतो, आणि गुरुजी त्याला दुर्लक्षी ठरवितात. श्रवण जातें तेंही वरच्या स्वरांपासून जातें. स, श, फ, थ हीं अक्षरें प्रथम पुसट होतात. मुलाला बोलणें ऐकूं येतें, पण शब्द कळत नाहीं. कान रात्रीं शांततेंत वाजत असेल, ऐकून उठल्यावर कांहीं वेळ कापूस घातल्यासारखा वाटत असेल, तर ती सूचना समजावी आणि डॉक्टरांना दाखवावें. आईबापांनीं इयरफोन हिसकावून घेण्यांत अर्थ नाहीं. मुलाचा एक इयरफोन आपल्या कानांत घालून तो किती आवाजानें ऐकतो हें एकदां पाहावें, त्याला योग्य मापाची टोपी शोधून द्यावी आणि मंद आवाजांत तंबोरा ऐकावयास शिकवावें. रस्त्यावरून चालतांना किंवा गाडी हांकतांना मात्र दोन्ही कान मोकळे असावेत. तेथें भोंगा ऐकूं येणें हेंच सर्वांत मोठें सुख.

पॅरिसच्या दालनांत हात अवघडून ऐकणाऱ्या त्या पहिल्या श्रोत्यांपासून आजच्या चार ग्रॅमांच्या इयरबडपर्यंत कारागिरांनीं एकाच गोष्टीसाठीं जिवाचें रान केलें: दूरचा गवई जवळ यावा, आणि त्याला ओरडावें लागूं नये. यंत्रानें आपलें काम पुष्कळ केलें आहे. कीर्तनांत कोठें बसावें हें ज्याला कळत होतें, त्याच्या वंशजाला आवाजाची कळ कोठें थांबवावी हेंही कळलें पाहिजे. तेवढें काम अजून आपल्याच बोटाकडे आहे.